रायपूरच्या वाटेवरचा पिंगळा : सात कातडी, एक चोरी आणि एक छायाचित्र

शिकारी पक्षी म्हटले की गरुड, ससाणा, शिक्रा ही नावे आधी आठवतात. वीतभर उंचीचा, घुबडांच्या कुळातला आणि भर दिवसा शिकार करणारा एक पिंगळा त्या यादीत सहसा येत नाही. तरीही भारतीय पक्षीविज्ञानात पुरावा म्हणजे काय, हा प्रश्न या पक्ष्याइतका टोकाला क्वचितच कोणी नेला असेल. त्याचे मराठी नाव रानपिंगळा. तो प्रथम हाती आला तो रायपूरच्या पूर्वेकडील रानात, मृतावस्थेत, १८७२ साली. तो जिवंत असल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला तो महाराष्ट्रात शहाद्याजवळ, १९९७ साली, कॅमेऱ्याच्या फितीवर. या दोन टोकांमध्ये सव्वाशे वर्षांचा काळ आहे, सात कातडी आहेत आणि एका प्रतिष्ठित माणसाने रचलेले एक असत्य आहे.

प्रयोगशाळेत एखादे मापन संशयास्पद वाटले तर ते पुन्हा घेता येते. निसर्गाच्या इतिहासातील निरीक्षण तसे पुन्हा घेता येत नाही. अमुक दिवशी अमुक झाडावर अमुक पक्षी होता, एवढेच काय ते उरते, आणि तेही एका लहानशा चिठ्ठीवर. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की नाही, हाच रानपिंगळ्याच्या कथेतला खरा पेच आहे.

फुलझरचा रस्ता

रायपूरहून पूर्वेला संबलपूरकडे जाणारा रस्ता महासमुंद, पिथौरा, बसना, सराईपाली अशी गावे घेत ओडिशात उतरतो. आज हा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि बसना महासमुंद जिल्ह्यात मोडते. १९९८ मध्ये महासमुंद जिल्हा होईपर्यंत बसना रायपूर जिल्ह्यात होते, आणि एकोणिसाव्या शतकात खरियारची जमीनदारीही रायपूरच्या कारभाराखाली येई. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये छत्तीसगढ इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. नव्या प्रांताबरोबर महसूल अधिकारी, मोजणीदार, भूवैज्ञानिक आणि जंगल अधिकारीही आले. त्यांच्यापैकी अनेकांच्या सामानात बंदुकीबरोबर कातडी भरण्याची हत्यारे असत.

एफ. आर. ब्लेविट हा अशाच संग्राहकांपैकी एक. डिसेंबर १८७२ मध्ये त्याने बसना-फुलझर परिसरात एक लहान घुबड मारले. नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याहून ते वेगळे दिसले, म्हणून त्याचे कातडे त्याने अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्या काळी ते हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव होते, आणि सरकारी कामाच्या पलीकडे उरलेला सारा वेळ पक्ष्यांना देत. देशभर पसरलेले त्यांचे परिचित त्यांना कातडी, अंडी, घरटी आणि टिपणे पाठवीत. हे सारे साहित्य छापण्यासाठी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे स्वतःचे नियतकालिक काढले होते. १८७३ मध्ये त्याच्या पहिल्याच खंडात ब्लेविटच्या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

ह्यूम यांना हा पक्षी इतका निराळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच उभी केली : हेटेरोग्लॉक्स. ग्रीक भाषेत ‘हेटेरोस’ म्हणजे भिन्न आणि ‘ग्लॉक्स’ म्हणजे लहान घुबड. जातीचे नाव संग्राहकाच्या स्मरणार्थ ब्लेविटी असे ठेवले गेले. फुलझरच्या रानातला एक पिंगळा अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय यादीत दाखल झाला.

त्या काळी पक्षी ‘हाताळणे’ म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा उलगडत नाही. मारलेल्या पक्ष्याच्या पोटावर छेद देऊन कातडे पिसांसह अलगद सोलून काढत. कवटीतला मेंदू काढून टाकत. आतल्या बाजूला किडीपासून रक्षणासाठी सोमलमिश्रित साबण चोळत. मग आत कापूस भरून छेद शिवत, पंख अंगालगत मिटवत, पाय जुळवून बांधत. शेवटी पायाला एक चिठ्ठी लावत : ठिकाण, तारीख, नर की मादी, संग्राहकाचे नाव. प्रत्येक संग्राहकाची भरण्याची, शिवण्याची, पाय बांधण्याची तऱ्हा वेगळी असे. हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा तसा टाक्यांवरून संग्राहक ओळखू येई. ही गोष्ट शतकभर कोणाच्या विशेष लक्षात आली नव्हती. पुढे तीच निर्णायक ठरली.

दुसरा नमुना १८७७ मध्ये मिळाला, तो त्या वेळच्या रायपूर जिल्ह्यात. व्हॅलेंटाइन बॉल हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी दगडांचा अभ्यास करीत खरियारच्या भागात फिरत असताना त्याला हे घुबड आढळले. खरियार पुढे १९३६ मध्ये नव्या ओरिसा प्रांतात गेले आणि आज ते नुआपाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे विज्ञानाला ठाऊक झालेले पहिले दोन्ही रानपिंगळे रायपूरच्या पूर्वेकडील आणि आग्नेयेकडील रानांतून आलेले होते.

राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या नावाचे रायपूरचे वस्तुसंग्रहालय १८७५ चे, म्हणजे जवळपास याच काळातले. पण ब्लेविटच्या पिंगळ्याचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. ह्यूम यांच्या नोकराने त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते रद्दीत विकून टाकली. त्या आघातानंतर पक्षीशास्त्रातला त्यांचा रस संपला आणि आपला ऐंशी हजारांवर नमुन्यांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रायपूरचा रानपिंगळा त्या पेट्यांतून लंडनला गेला.

डेव्हिडसनचे खानदेश

तिसरा धागा मराठी मुलखातला आहे. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी १८८० च्या दशकाच्या आरंभी खानदेशात होता. तळोदे, शहादे हा सातपुड्याच्या पायथ्याचा प्रदेश त्याच्या फिरतीचा. सागाची आणि इतर पानगळीची विरळ जंगले, मधून वाहणारे नाले, वर तोरणमाळचे पठार. या रानांत त्याला हा पक्षी पुन्हापुन्हा भेटला आणि त्याने त्याचे अनेक नमुने गोळा केले. पूर्वेकडचे दोन आणि डेव्हिडसनचे बाकीचे मिळून जगातल्या साऱ्या रानपिंगळ्यांची संख्या सात भरते. सातही कातडी परदेशांतील संग्रहालयांत आहेत.

डेव्हिडसननंतर, म्हणजे १८८४ नंतर, हा पक्षी जणू पडद्याआड गेला. नवे कातडे नाही, विश्वसनीय नोंद नाही. विसाव्या शतकात सलीम अली आणि डिलन रिप्ली या भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या जोडीनेही त्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. मधूनमधून कोणी तो दिसल्याचे सांगे. एकदोनदा छायाचित्रेही पुढे आली. बारकाईने पाहिल्यावर ती साध्या, ठिपकेदार पिंगळ्याची निघाली. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणतात, पण ते पाहणाऱ्याला काय शोधायचे हे ठाऊक नसेल तर खरे छायाचित्रही चुकीच्या पक्ष्याच्या नावावर जमा होते.

साध्या पिंगळ्याची ओळख मराठी माणसाला नवी नाही. वडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीत, देवळाच्या कोनाड्यात राहणारा, चिरक्या आवाजात भांडणारा हा पक्षी गावोगावी आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदारी येणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या लोकगायकालाही आपण पिंगळाच म्हणतो. अशा परिचित नातेवाइकाच्या सावलीत रानपिंगळा हरवणे सोपे होते.

मांडवीची चिठ्ठी

१८८४ नंतरची एक नोंद मात्र होती, आणि ती भक्कम दिसत होती. कर्नल रिचर्ड माइनरट्सहागेन (१८७८–१९६७) यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचे एक कातडे होते. चिठ्ठीवर ठिकाण होते तापीकाठचे मांडवी, म्हणजे आजच्या गुजरातेतील सुरत जिल्ह्यातले, आणि काळ होता ऑक्टोबर १९१४. याचा अर्थ असा की हा पक्षी विसाव्या शतकातही हयात होता, आणि त्याचा शोध घ्यायचा तर मांडवीच्या बाजूला घ्यायला हवा.

माइनरट्सहागेन हे साधे नाव नव्हते. सैनिक, हेर, साहसवीर आणि पक्षीतज्ज्ञ अशी त्यांची ख्याती होती. आपला सुमारे वीस हजार पक्षी-नमुन्यांचा संग्रह त्यांनी १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांच्या हयातीत काही जणांनी कुजबूज केली होती. नमुने परवानगीवाचून नेल्याच्या संशयावरून संग्रहालयाने त्यांना एकदा पक्षी-विभागात येण्यास बंदीही केली होती. पण त्यांच्या दबदब्यापुढे ही कुजबूज विरून गेली. त्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या तशाच्या तशा ग्रंथांत उतरत राहिल्या.

१९९३ मध्ये अॅलन नॉक्स यांनी माइनरट्सहागेन यांच्या संग्रहातील रेडपोल नावाच्या लहान पक्ष्यांचे नमुने तपासून, त्यांतले काही दुसऱ्यांचे चोरलेले आणि खोट्या चिठ्ठ्या लावलेले आहेत असे दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या नव्या मार्गदर्शिकेचे काम करीत होत्या. त्या कामासाठी नोंदी तपासताना त्यांना माइनरट्सहागेन यांच्या कितीतरी नोंदी भूगोलाशी किंवा ऋतूशी न जुळणाऱ्या दिसल्या. रॉबर्ट प्रिस-जोन्स यांच्यासह त्यांनी संग्रहाची झडती सुरू केली, आणि रानपिंगळा त्या झडतीतला सर्वांत गाजलेला प्रसंग ठरला.

रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या कातड्याची तपासणी गुन्ह्याच्या तपासासारखी केली. कातडे दुसऱ्यांदा उघडून पुन्हा भरले गेल्याच्या खुणा त्यावर होत्या. जुने टाके उसवून नवे घातलेले होते. तरीही पहिल्या हाताचे काही अवशेष आत शिल्लक होते. ते अवशेष डेव्हिडसनच्या इतर नमुन्यांशी जुळले. म्हणजे १८८० च्या दशकात खानदेशात मिळालेले डेव्हिडसनचेच एक कातडे ब्रिटिश म्युझियममधून उचलले गेले, त्याची चिठ्ठी काढली गेली, ते नव्याने भरले गेले आणि त्याला १९१४ ची, मांडवीची चिठ्ठी लावली गेली. १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जगात रानपिंगळ्याची अवघी सात कातडी. त्यांतल्या एकाचे जन्मस्थान आणि जन्मसाल दोन्ही बनावट.

या फसवणुकीने काय बिघडवले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एखादे कातडे चोरीला गेले तर संग्रहालयाचे नुकसान होते. पण खोटी चिठ्ठी नकाशा बदलते. मांडवीच्या नोंदीने पक्ष्याच्या वसतिस्थानाची हद्द पश्चिमेकडे ओढली आणि शोधणारे चुकीच्या रानात फिरले. तिथे पक्षी सापडला नाही, म्हणून तो संपला असावा ही समजूत बळावली. एक खोटा बिंदू आलेखावर पडला की साऱ्या रेषेचा कल बदलतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की इथे रेषेऐवजी एका जिवंत जातीच्या रक्षणाचा प्रश्न होता. जो पक्षी नामशेष मानला गेला, त्याच्या जंगलासाठी कोण भांडणार?

२५ नोव्हेंबर १९९७

मांडवीची नोंद बाजूला ठेवल्यावर प्रश्न सोपा झाला. उरल्या फक्त खऱ्या जागा : पूर्वेला फुलझर आणि खरियार, पश्चिमेला शहादे आणि तळोदे. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे भारतात आले ते याच यादीनिशी. सातही कातडी तपासून ओळखीच्या खुणा आधीच निश्चित केलेल्या होत्या : डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा मधला भाग शुभ्र, पायांवर दाट पांढरी पिसे आणि शरीराच्या मानाने दणकट पंजे.

त्यांनी आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. ब्लेविट आणि बॉल यांच्या काळातले जंगल तिथे पुष्कळसे उरले नव्हते, आणि पक्षी सापडला नाही. मग ते पश्चिमेला खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका निष्पर्ण झाडावर एक लहान घुबड उन्हात बसलेले किंग यांना दिसले. डोके ठिपक्यांविना, शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढरे आणि जाड. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा माणसाच्या नजरेस पडला होता.

या क्षणाचे वेगळेपण असे की त्यांनी बंदूक उचलली नाही. त्यांनी पक्ष्याचे चित्रीकरण केले, छायाचित्रे घेतली आणि एकेक खूण यादीशी ताडून पाहिली. १८७२ मध्ये नवी जात सिद्ध करायची तर ती मारावी लागे. १९९७ मध्ये तीच जात जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी ती जिवंतच ठेवावी लागली. पुढच्या वर्षी ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात हा शोध आणि ओळखीच्या खुणा सविस्तर प्रसिद्ध झाल्या. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. म्हणजे रानपिंगळ्याच्या जन्मगावाचा जिल्हा आणि पुनर्जन्माच्या गावाचा जिल्हा, दोन्ही एकाच वर्षी बदलले.

छायाचित्राचे बळ इथे नीट ओळखले पाहिजे. कातडे एका कपाटात असते आणि ते पाहण्याचा अधिकार मोजक्या लोकांना असतो. म्हणूनच त्याची चिठ्ठी बदलणे शक्य झाले. छायाचित्राच्या प्रती शेकडो हातांत जातात आणि कोणीही त्यातले पट्टे मोजू शकतो. अर्थात छायाचित्रालाही चिठ्ठी लागतेच. कुठे, केव्हा, कोणी, हे तीन शब्द त्याच्यासोबत नसतील तर तेही एक सुंदर, पण मुके चित्र ठरते. आणि चुकीचे ठिकाण लिहिलेले छायाचित्र मांडवीच्या कातड्याइतकेच घातक असते.

शोधानंतरचे ज्ञान

पक्षी सापडल्यावर खरे काम सुरू झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ नंतर तोरणमाळ, तळोदे आणि मेळघाटच्या रानांत त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. शंभर वर्षांत कोणाला ठाऊक नव्हत्या अशा गोष्टी त्यातून कळल्या. रानपिंगळा प्रामुख्याने दिवसा वावरतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, मोठे कीटक हे त्याचे भक्ष्य. उघड्या फांदीवर बसून तो शेपटी या बाजूला त्या बाजूला झटकतो. घरटे झाडाच्या ढोलीत असते आणि विणीचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पसरतो. काही प्रसंगी नराने स्वतःची पिल्ले खाल्ल्याचेही अभ्यासकांनी नोंदवले.

त्याचे आवाज प्रथमच ध्वनिमुद्रित झाले, आणि हे साधन फार मोलाचे ठरले. ध्वनिमुद्रित साद ऐकवली की जवळपासचा पक्षी उत्तर देतो; त्यावरून नव्या जागा शोधता आल्या. मेळघाटचे व्याघ्र प्रकल्प क्षेत्र, यावलचे अभयारण्य, मध्य प्रदेशातील खंडवा आणि बऱ्हाणपूरची जंगले यांची नावे यादीत आली. २०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यातही तो आढळला, तेव्हा तो सातपुड्यापुरताच आहे ही समजूतही मोडली. जागांची संख्या वाढल्याने २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. पक्षी वाढले असे याचा अर्थ नव्हे. आपले अज्ञान थोडे कमी झाले, एवढेच.

ह्यूम यांच्या नावाचाही निकाल त्याच वर्षी लागला. रानपिंगळा खरोखरच स्वतंत्र प्रजातीचा, की साध्या पिंगळ्याच्या ‘अथीनी’ प्रजातीतलाच, हा वाद शतकाहून जुना होता. भारतीय संशोधकांच्या एका गटाने सूत्रकणिकेतील आणि पेशीकेंद्रातील जनुकांची तुलना केली. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : रानपिंगळा अथीनीच्याच शाखेत बसतो. ह्यूम यांनी दिलेले ‘भिन्न घुबड’ हे प्रजातीचे नाव अशा रीतीने मागे पडले. ब्लेविटचे नाव मात्र जातीला चिकटून राहिले.

हात आणि कॅमेरा

शिकारी पक्षी आणि माणसाचा हात यांचे नाते फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी शिकार हा राजाच्या करमणुकींपैकी एक आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाने तर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच रचला. हातमोज्यावर बसलेला बाज हे सत्तेचे आणि वैभवाचे चिन्ह होते.

त्या चिन्हाची सावली आजही पर्यटनात दिसते. आखातातील वाळवंटी छावण्यांत मधुचंद्राला गेलेली जोडपी हातावर ससाणा बसवून छायाचित्र काढून घेतात. पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी असते आणि पायांत दोरी. भारतात असे करणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानपिंगळ्यासारखे पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणे, पाळणे, त्यांना इजा करणे यांना शिक्षा आहे, आणि संशोधनासाठी हात लावायचा तरी परवानगी लागते.

विज्ञान पक्ष्याला हात लावते ते वेगळ्या कारणाने. १९२६-२७ च्या सुमारास धारच्या पवार महाराजांच्या सहकार्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यास प्रारंभ केला. कडे म्हणजे जिवंत पक्ष्याच्या पायातली चिठ्ठीच : क्रमांक, आणि कळवायचा पत्ता. फरक असा की इथे चिठ्ठी लावून पक्षी सोडून दिला जातो. २०१३ मध्ये नागालँडमधील पांगती येथे तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसवून त्यांना सोडण्यात आले, आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंतचा त्यांचा मार्ग साऱ्या जगाने पाहिला. ज्या गावात आदल्याच वर्षी हे ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले जात होते, तिथेच हे घडले. पकडणारा हात आणि नोंदवणारा हात यांतले अंतर किती थोड्या काळात कापता येते, याचे हे उदाहरण.

कॅमेराही निरुपद्रवी नसतो, हे रानपिंगळ्यानेच शिकवले. ज्या ध्वनिमुद्रित सादेने शास्त्रज्ञांनी त्याला शोधले, तीच साद वारंवार वाजवून हौशी छायाचित्रकार त्याला जवळ बोलावू लागले तर काय होते? आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून पक्षी शिकार सोडून धावत येतो. विणीच्या दिवसांत अंडी किंवा पिल्ले तेवढा वेळ उघडी पडतात. ढोलीसमोर तासन्‌तास रोखलेल्या कॅमेऱ्यामुळे मादी आत यायला कचरते. घरट्याचे नेमके ठिकाण सार्वजनिक केले की तिथे माणसांची रीघ लागते. शे-हजारांत मोजल्या जाणाऱ्या पक्ष्याला हा त्रास परवडणारा नाही. म्हणून ठिकाणाची अचूक नोंद अभ्यासकांकडे आणि वनखात्याकडे असावी, लोकांसमोर केवळ तालुका किंवा जंगलाचे नाव असावे, हा संकेत जबाबदार निरीक्षक पाळतात. चिठ्ठी खरी असली पाहिजे. ती सर्वांना वाचता आली पाहिजेच असे नाही.

उरलेला प्रश्न

रानपिंगळ्याचा इतिहास शहाद्याच्या विजयाशी संपवण्याचा मोह होतो. पण त्याचा आरंभ जिथे झाला, तिथला प्रश्न तसाच आहे. १९९७ च्या मोहिमेला फुलझर आणि खरियारच्या बाजूला तो सापडला नाही. त्या परिसरात आज बारनवापाराचे अभयारण्य आहे, दक्षिणेला उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याला लागून ओडिशातील सुनाबेडाचे पठार आहे. सातपुड्यातल्या रानपिंगळ्याला लागते तशी विरळ, कोरडी, पानगळीची जंगले या पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी का होईना, उरलेली आहेत.

‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांत फार अंतर आहे. पहिले विधान शोधणाऱ्याविषयी बोलते, दुसरे निसर्गाविषयी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच एक जिवंत पक्षी शतकभर मृतांच्या यादीत राहिला. ते अंतर कापायला आता मोठा खर्च लागत नाही. हिवाळ्यातली सकाळ, दुर्बीण, बरा कॅमेरा, साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला भेद ओळखणारी नजर आणि वनखात्याची परवानगी एवढी सामग्री रायपूर, महासमुंद किंवा नुआपाडा येथील कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. पक्षी दिसला नाही तरी ‘या तारखेला, या रानात, इतके तास शोधले’ ही नोंद स्वतःच मोलाची आहे. माइनरट्सहागेन यांनी जे बिघडवले, ते अशाच कंटाळवाण्या, प्रामाणिक नोंदींनी दुरुस्त होते.

लंडनजवळच्या ट्रिंग येथे नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या कपाटात आजही एक लहान कातडे आहे. त्याच्या चिठ्ठीवर फुलझरचे नाव आहे आणि दीडशे वर्षे उलटली तरी ती चिठ्ठी खरी आहे. ब्लेविटने ती प्रामाणिकपणे लिहिली म्हणूनच शोधाचा नकाशा पुन्हा आखता आला. विज्ञानात काही वेळा सर्वांत मोठे काम एवढेच असते : जे पाहिले ते, जिथे पाहिले तिथे, जेव्हा पाहिले तेव्हा, तसेच लिहून ठेवणे.